मुक्त आणि फुकट

इंग्रजीतील 'फ्री' या शब्दाने संगणकाच्या जगात चाळीस वर्षांपासून एक घोळ घालून ठेवला आहे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ साली 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ साली 'फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन' स्थापन केले. तेव्हापासून त्याला व त्याच्या अनुयायांना एकच खुलासा पुन्हापुन्हा करावा लागतो, की आमचे 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे, मुक्त. मराठीत हा खुलासा करण्याचे कारण नाही. आपल्याकडे दोन शब्द मुळातच वेगळे आहेत. पण शब्द वेगळे असले म्हणून व्यवहारही वेगळा असतो असे नाही. ज्या समाजात ज्ञान एका वर्णाच्या कुलुपात होते आणि श्रम मात्र इतरांकडून वेठीने घेतले जात होते, त्या समाजातील स्त्रीला 'मुक्त' हा शब्द ऐकताच पहिला प्रश्न पडला पाहिजे तो असा : हे मुक्त कोणासाठी, आणि कोणाच्या फुकट श्रमावर?

स्टॉलमनच्या विचाराची ताकद मी नाकारीत नाही. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवता आले पाहिजे. ते आतून कसे घडले आहे हे उघडून अभ्यासता आले पाहिजे. त्याच्या प्रती वाटता आल्या पाहिजेत. आणि त्यात बदल करून तो बदल इतरांना देता आला पाहिजे. ही ती चार स्वातंत्र्ये. ज्ञानबंदीचा इतिहास ज्यांच्या पाठीवर आहे त्यांना ही भाषा परकी वाटण्याचे कारण नाही. वेद ऐकला म्हणून कानात शिसे ओतण्याची आज्ञा ज्या धर्मशास्त्राने दिली, त्याच्या नेमके उलट टोकाला हा विचार उभा आहे. म्हणूनच त्याची तपासणी आपल्या बाजूने, आपल्या मापाने झाली पाहिजे. पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांनी ती त्यांच्या मापाने केली आहे. आपल्याकडे मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार झाला, मराठीकरणही झाले. पण दलित स्त्रीच्या बाजूने या चळवळीकडे पाहणारी समीक्षा फारशी झालेली नाही.

यंत्राविषयी आपली भूमिका काय हे आधी स्पष्ट केले पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा विचार गांधीवादी उसाशात बुडून जाईल. बाबासाहेबांनी १९४५ सालच्या काँग्रेस-गांधी यांच्यावरील ग्रंथात, गांधीवादाची चिकित्सा करताना, यंत्राची बाजू निःसंदिग्धपणे घेतली आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती संभवत नाही. यंत्राने अनर्थ केला असेल तर दोष यंत्राचा नाही, त्याला खासगी मालकीच्या दावणीला बांधणाऱ्या समाजरचनेचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद स्त्रीच्या संदर्भात आणखी धारदार होतो. पहाटे उठून जाते ओढणाऱ्या बाईला गिरणी आल्यावर काय वाटले असेल, हे लोकसाहित्याच्या सवर्ण अभ्यासकांनी क्वचितच विचारले. जाते गेले, ओवी गेली, संस्कृती गेली, अशी हळहळ पुष्कळ झाली. तिचे खांदे दुखायचे थांबले, याचा आनंद कोणी मांडला नाही.

अर्थात गिरणी आली म्हणजे बाई सुटली, इतके हे सोपे नाही. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की गिरणीच्या पिठाने अमेरिकन घरात सुटका झाली ती प्रथम पुरुषाची; धान्य गिरणीवर वाहून नेण्याचे व दळण्याचे काम त्याचे होते. बाईचे काम उलट वाढले, कारण बारीक पांढरे पीठ आल्यावर साध्या भाकरीऐवजी फुगवलेल्या पावाची अपेक्षा घरात होऊ लागली. आपल्याकडे दळण हे बाईचेच काम असल्याने हिशेब वेगळा पडतो. आणि त्यात जातीचा हिशेब कोवन यांच्या पुस्तकात असण्याचा प्रश्नच नाही. गिरणीचे चाक विटाळ मानीत नाही. गिरणीवाला मानू शकतो. यंत्र आणि यंत्राचा मालक यांतील हे अंतर पुढच्या सगळ्या विवेचनात लक्षात ठेवावे लागेल.

आता ओवीकडे येतो. जात्यावरच्या ओव्यांचा मराठीतील सर्वांत मोठा संग्रह आज कागदावर नाही, संगणकात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याच्या 'सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस' या संस्थेतर्फे हे काम उभे केले. मावळ-मुळशीच्या डोंगरातील 'गरीब डोंगरी संघटना' हा त्याचा पाया होता. तेथून सुरुवात होऊन हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांहून अधिक स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ या कामात आले आणि ध्वनिमुद्रण व माहितीसाठ्याची घडी बसली. हेच बेल जेम्स किपन यांच्यासोबत ऐंशीच्या दशकात तबल्याच्या बोलांसाठी 'बोल प्रोसेसर' हे सॉफ्टवेअर घडवीत होते; ते पुढे मुक्तस्रोत झाले. पॉइटवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. संग्रह पुढे 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या संकेतस्थळाकडे आला आणि २०१७च्या जागतिक महिला दिनापासून तो लोकांसमोर येऊ लागला. कला, स्त्री, यंत्र आणि मुक्तता या चारही गोष्टी ज्या एका ठिकाणी येतात असे मराठीतील उदाहरण म्हणून मी याकडे पाहतो.

या संग्रहाचे पहिले श्रेय असे, की त्यात बाईला नाव आहे. 'लोक' या शब्दाआड गाणारी बाई नाहीशी करण्याची आपल्या लोकसाहित्याची जुनी खोड आहे. निनावी असणे हाच जणू लोकगीताचा अलंकार. वास्तविक निनावी ती नव्हती, तिला निनावी केले गेले. १९४६ साली जगापुढे आलेल्या 'एनिॲक' या अमेरिकन संगणकाची आज्ञावली सहा स्त्रियांनी बसवली आणि पुढे कित्येक दशके त्यांची नावे कोणी घेतली नाहीत. अडाणी म्हणून नाव गेले असे म्हणावे, तर त्या गणितात शिकलेल्या होत्या. 'पारी'च्या पानावर मात्र ओवीखाली गाणारीचे नाव येते, गाव येते, वय, शिक्षण, मुले, व्यवसाय, आणि जातही येते. माजलगावच्या भीमनगरातील राधाबाई बोऱ्हाडे यांच्या ओव्या १९९६ साली मुद्रित झाल्या. त्यात बाबासाहेब आहेत, रमाई आहे, आणि बुद्ध-धम्माची नवी जाणीव आहे. ज्या जात्यावर पिढ्यान्‌पिढ्या राम-सीता आणि पंढरी दळली गेली, त्याच जात्यावर भीमराव आला, हा धर्मांतराचा सांस्कृतिक पुरावा कोणत्याही ठरावाहून मोठा आहे. छापील दलित कवितेची जी चर्चा आपण करतो, तिच्यात या कवयित्रींना अजून जागा मिळालेली नाही, हा दोष आपल्या समीक्षेचा आहे.

जातीच्या रकान्याबद्दल मात्र एक शब्द. तेथे 'नवबौद्ध' असे लिहिलेले असते. जातिअंताची भाषा करणाऱ्यांना हा रकाना खुपेल. मला तो असावा असे वाटते, कारण तो पुसला तर राधाबाईंची ओवी 'ग्रामीण स्त्रीचे भावविश्व' या गोड पाकात विरघळून जाईल. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीच्या भूमिदृष्टीची जी मांडणी १९९८ साली केली, तिचा रोख अशाच विरघळण्यावर होता. पण ज्या रकान्याने साक्ष मिळते त्याच रकान्याने शोधही घेता येतो, आणि शोधणारा नेहमी मित्रच असेल असे नाही.

आता परवाना. 'पारी'चे साहित्य ज्या अटींवर खुले आहे त्या अशा : श्रेय द्या, विकू नका, बदल करू नका. मुक्त सॉफ्टवेअरच्या कर्मठ भक्ताला विचाराल तर तो हे मुक्त नाहीच असे म्हणेल. विकण्याची बंदी आणि बदलाची बंदी, दोन्ही चार स्वातंत्र्यांत बसत नाहीत. येथे मला थांबावेसे वाटते. ज्याच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्या काही होते, त्याने ते सर्वांना खुले करणे ही उदारता आहे. ज्याच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या विचारल्याशिवाय घेतले गेले, त्याच्यासाठी 'कोणीही घ्या, कसेही वापरा' ही नवी गोष्ट कोणती? ती तर बलुत्याचीच जुनी पद्धत, बलुतेही न देता! आज यंत्राला मराठी बोलायला शिकवणाऱ्यांना खेड्यातल्या बाईचा खरा आवाज हवा आहे, तिची बोली हवी आहे. असा साठा ही त्यांची खाण आहे. 'विकू नका' ही अट तेथे कुंपणाचे काम करते, आणि ते कुंपण मला आज आवश्यक वाटते.

पण 'बदल करू नका' हे ओवीला कसे लागू करणार? ओवी जगतेच बदलावर. एकीने पहिली ओळ टाकायची, दुसरीने तिला आपली जोड द्यायची, सासरी गेलेल्या तिसरीने ती तिकडे वेगळी म्हणायची. स्टॉलमनने ज्याला चौथे स्वातंत्र्य म्हटले ते जात्याच्या दोन बाजूंना बसलेल्या दोघींना ठाऊक होते. (हे म्हणताना गावकुसाबाहेरचे जाते आणि गावातले जाते वेगळे होते हे विसरू नये, ही 'सामाईक संपत्ती' जातीच्या हद्दीत फिरत होती.) म्हणजे पेच असा पडतो. बदलाची मोकळीक दिली तर चित्रपटवाला आणि जाहिरातवाला ओवी उचलून नेतो; बंदी घातली तर ज्या ओवीत उद्याच्या भीमनगरातली मुलगी आपली ओळ घालणार, ती ओवी काचेच्या कपाटात जाते. माझ्या मते त्या मुलीला मोकळीक आणि कंपनीला मनाई, असा भेद करणारी अट लिहिणे अशक्य नाही. ती लिहिली गेली नाही कारण अट लिहिताना ती मुलगी टेबलाशी नव्हती. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले तेव्हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांकडे त्या स्वतः गेल्या. विचारणारी आणि सांगणारी एकाच चळवळीच्या होत्या. संग्रहाचा मालकी-विचार तेथून सुरू करायला हवा होता.

कायद्याचीही येथे मदत थोडी आहे. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा 'कर्ता' म्हणजे त्याचा निर्माता, गाणारी नव्हे. गाणाऱ्याला स्वतंत्र हक्क मिळाला तो १९९४च्या दुरुस्तीने, आणि आपले नाव लावून घेण्याचा हक्क २०१२च्या दुरुस्तीने. भारतीय कायद्याला गाणारी दिसायला सदतीस वर्षे लागली.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीला तरी बाई कितपत दिसली? युरोपीय आयोगाच्या मदतीने झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या चळवळीत स्त्रियांचे प्रमाण सुमारे दीड टक्का आढळले. त्याच वेळी मालकी हक्काच्या, म्हणजे 'बंद', सॉफ्टवेअरच्या धंद्यात ते अठ्ठावीस टक्क्यांच्या घरात होते. ज्यांनी दार उघडे ठेवले त्यांच्या घरात बाई नाही, आणि ज्यांनी कुलूप लावले त्यांच्या घरात आहे! स्पष्टीकरण फार खोल नाही. कुलूपवाले पगार देतात. उघड्या दाराच्या घरात जे काम चालते ते रात्री, रविवारी, हौसेने. आणि रात्री व रविवारी बाईला दुसरे काम असते. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिले. फुरसत ही आधी कोणाकडून तरी हिसकून घ्यावी लागते, हे ज्याला माहीत नाही त्याने 'कोणीही सहभागी होऊ शकते' असे म्हणू नये. २००४ साली 'डेबियन' प्रकल्पातील स्त्रियांनी स्वतःचा गट काढला, पुढे इतरत्रही प्रयत्न झाले. स्वतः स्टॉलमन यांना लैंगिक शोषणाच्या एका प्रकरणातील आपल्या विधानांमुळे २०१९ साली अध्यक्षपद सोडावे लागले, आणि २०२१ साली ते संचालक मंडळावर परत आले. चळवळीतले पुरुष मोठे असतात आणि तत्त्वे त्याहून मोठी. हा युक्तिवाद आपल्याही ओळखीचा आहे.

याला युरोपातील स्त्रीवादी कलावंतांनी दिलेले उत्तर मनोरंजक आहे. १९९१ साली ऑस्ट्रेलियातील 'व्ही.एन.एस. मॅट्रिक्स' या चार स्त्री-कलावंतांनी सायबर-स्त्रीवादाचा जाहीरनामा काढला. पुढे ब्रुसेल्सच्या 'कॉन्स्टंट' या कलासंस्थेभोवतीच्या स्त्रियांनी 'स्त्रीवादी सर्व्हर' अशी कल्पना मांडली : आपले यंत्र आपण चालवायचे, आणि ते चालते ठेवण्यामागचे, एरवी न दिसणारे सांभाळाचे काम कोण करते हे उघड करायचे. कल्पना चांगली आहे. पण 'सर्व्हर' म्हणजे सेवा करणारा, आणि सेवा या शब्दाला त्या खेळकरपणे आपलासा करतात, तेथे माझी वाट वेगळी होते. तिन्ही वर्णांची निमूट सेवा हे शूद्राचे एकमेव कर्म म्हणून ज्या ग्रंथाने सांगितले तो आपण २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला. सेवेत गोडवा शोधणे हे ज्याला सेवा नाकारण्याची मोकळीक आहे त्याचे काम आहे.

अक्षरांचीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण अशा त्रैमासिकांचा संसारच अक्षरांवर चालतो. खिळे जाऊन डी.टी.पी. आले तेव्हा आपण हायसे वाटून घेतले. पण प्रत्येक कंपनीने अक्षरांना आपापले क्रमांक दिले; एका फाँटमध्ये बसवलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की चिन्हांचा उकिरडा. वर संगणकाला 'लॉक' लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालायचे नाही. त्या वर्षांतले पुष्कळसे लेखन आज फ्लॉपी व सी.डी.वर असूनही वाचता येत नाही. १९९१ पासून युनिकोड आले, आणि पुढे 'लोहित', 'मुक्ता' यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी टंक आले, म्हणून ही कोंडी फुटली. येथे चार स्वातंत्र्ये आपल्या प्रत्यक्ष उपयोगाला आली हे मान्य केले पाहिजे. 'बोऱ्हाडे' या आडनावातला ऱ्ह घ्या. युनिकोडमधले ते 'ऱ' अक्षर मुळात दक्षिणेकडच्या भाषांतील उच्चारासाठी ठेवलेले. त्याच्या अर्ध्या रूपातून मराठीचा हा र मिळतो. हिंदीपुरता विचार करून केलेल्या टंकात तो रफार होऊन बसतो आणि राधाबाईंचे नाव चुकते. टंक मुक्त असेल तर कोणी ती चूक दुरुस्त करू शकते. बंद असेल तर कंपनीला अर्ज.

आणि आता एव्हरशाईन सिटी, जेथे बसून हे लिहिले जात आहे. वसई पूर्वेची ही वसाहत, ठाणे जिल्ह्यातून २०१४ साली वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात. येथील इमारतींत सकाळी धुणी-भांड्यांना बाया येतात त्या गोखिवरे, वालीव, नालासोपाऱ्याच्या चाळींतून. अशा वसाहतींच्या फाटकांवर आता मोबाइलचे ॲप आले आहे. बाईचा फोटो, नंबर, ती किती घरांत काम करते, किती वाजता आत गेली, किती वाजता बाहेर पडली, हे त्यात नोंदले जाते. काही ॲपांत मालकिणी तिला गुण देतात, दुकानातल्या मालाला द्यावेत तसे. हाही एक माहितीसाठा, आणि त्यातही बाईला नाव आहे. 'पारी'च्या पानावर नाव आले ते तिच्या निर्मितीखाली आले. येथे ते तिच्या हालचालीवर आले.

विचार करण्यासारखी गोष्ट ही, की असे ॲप बहुधा ज्या फोनवर चालते त्या अँड्रॉइडचा गाभा लिनक्स आहे, मुक्त परवान्याचा. म्हणजे हजारो माणसांनी मिळून घडवलेली मुक्त संपत्ती पायात आहे, आणि वर जी भिंत चढली ती बंद. सेवा कंपनीच्या यंत्रावर चालत असेल तर जुन्या मुक्त परवान्यांची पकड तेथे सुटते. ती फट बुजवण्यासाठी २००७ साली 'ॲफेरो' परवान्याची नवी आवृत्ती निघाली, आणि दूरच्या यंत्रावरून सेवा घेणाऱ्या वापरकर्त्यालाही आतली घडण मागता येईल अशी तरतूद तिच्यात झाली. पण तरतूद वापरकर्त्यासाठी! फाटकावरच्या ॲपची वापरकर्ती मालकीण आहे, सोसायटी आहे. भांडी घासणारी बाई वापरकर्ती नाही, ती नोंद आहे. चारही स्वातंत्र्ये पूर्णपणे अमलात आली तरी तिच्या वाट्याला त्यातले एकही येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा सगळा विचार 'वापरणारा माणूस' या एका गृहीतावर उभा आहे. जिच्यावर यंत्र वापरले जाते ती त्या विचारात कोठेच नाही. स्त्रीवाद्यांनी या विचाराला 'वापरणारी' हे स्त्रीलिंगी रूप दिले. त्याच्या पुढे जाऊन जिची नोंद होते तिचा हक्क मांडणे, हे काम दलित स्त्रीवादाचे आहे आणि ते अजून व्हायचे आहे.

कायद्याने एक दार किलकिले केले आहे. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला, त्यात स्वतःविषयीची माहिती मागण्याचा, चुकीची असेल तर दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राचा घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८चा. त्यात बाईची नोंद तिच्या लाभासाठी व्हायची. पहिल्या कायद्याचा हक्क दुसऱ्या कायद्याखालच्या संघटनांनी हाती घेतला, तर एखादी कामवाली फाटकावर उभी राहून विचारू शकेल : माझ्याबद्दल यात काय लिहिले आहे, कोणी लिहिले, आणि मला दिलेले गुण मला का दाखवले नाहीत? अर्ज मराठीत असावा लागेल आणि तो भरायला बसणारी कोणी तरी लागेल. वसई-विरारच्या बुद्धविहारांतून रविवारी जे वर्ग चालतात, त्यांत संगणक शिकवताना नुसता टंकलेखनाचा सराव घेण्याऐवजी हा अर्ज लिहायला शिकवता येईल.